खोका नेमका आहे कुठे?

पार्सल टाकून चार-पाच दिवस उलटलेले असतात. मोबाइलवर क्रमांक टाकला की दर वेळी तीच ओळ दिसते: ‘बॅग डिस्पॅच्ड’, आणि पुढे तीन दिवसांपूर्वीची तारीख. सकाळी तेच, रात्री झोपण्यापूर्वी तेच. तोवर पाठवणाऱ्याच्या मनात खोका कुठल्यातरी फलाटावर पावसात भिजत पडलेला असतो, नाहीतर भलत्याच गाडीत चढून भलतीकडे निघालेला असतो. आत आईची औषधं असतील, मुलाची मूळ प्रमाणपत्रं असतील किंवा परवावर आलेल्या राखीपौर्णिमेची राखी असेल, तर जीव टांगणीला लागतो. या काळजीला क्षुल्लक म्हणणं मला पटत नाही. माणसं टपालातून वस्तू पाठवतात तेव्हा त्यांच्या दृष्टीने तिची किंमत बहुतेक वेळा तिकिटाच्या पैशांत मोजता येत नाही.

पण या काळजीचा मोठा वाटा ती ओळ चुकीची वाचल्यामुळे येतो. खोका आत्ता कुठे आहे हे ती ओळ सांगत नाही. त्याच्यावरचा किंवा तो ज्या पोत्यात आहे त्या पोत्यावरचा बारकोड शेवटचा कुठे आणि केव्हा वाचला गेला, एवढंच ती सांगते. दोन वाचनांच्या मध्ये खोका शेकडो किलोमीटर जातो आणि त्या वेळात पडद्यावर काहीही हलत नाही.

हे समजायला तालुक्याच्या पोस्टात दुपारचं टपाल निघायच्या वेळी जाऊन काउंटरच्या मागे नजर टाकावी. दिवसभरात बुक झालेली पार्सलं एका कोपऱ्यात जमलेली असतात. एक कर्मचारी एकेक उचलतो, बारकोड वाचतो, पोत्यात टाकतो. संगणकात त्या पोत्याची यादी तयार होत जाते. शेवटचं पार्सल गेलं की पोत्याचं तोंड आवळून सील केलं जातं आणि त्याच्या गळ्यात लेबल अडकवतात: कुठून, कुठे, कोणत्या तारखेला, किती वजनाचं. या लेबलालाही स्वतःचा बारकोड असतो. त्या क्षणापासून तुमचा खोका हा खोका राहत नाही, तो त्या पोत्याचा भाग होतो. गाडीत पोतं चढतं, उतरतं, दुसऱ्या गाडीत जातं; वाटेत वाचलं गेलं तर पोत्याचं लेबल वाचलं जातं. लेबलावर ज्या कार्यालयाचं नाव आहे तिथे पोहोचेपर्यंत ते उघडायचं नाही, हा टपालातला जुना आणि फार शहाणा नियम आहे. न उघडलेल्या पोत्यातून सहसा काही गळत नाही. एखाद्या गर्दीच्या फलाटावर लेबल वाचायचं राहून गेलं तर नोंदीत खिंडार पडतं, पोत्याचा प्रवास मात्र चालूच असतो.

ही व्यवस्था संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. रेल्वेच्या डब्यात टपालाची वर्गवारी करायला आपल्याकडे १८६३ साली अलाहाबाद–कानपूर मार्गावर सुरुवात झाली. पुढे त्यातूनच रेल्वे मेल सर्व्हिस, म्हणजे आरएमएस, उभी राहिली. धावत्या डब्यात लाकडी खणांसमोर उभं राहून, हिसके खात, पुढच्या स्टेशनाची पत्रं त्या स्टेशनाआधी वेगळी करून पोत्यात बांधायची, असं ते काम. आता वर्गवारी मोठ्या शहरांतल्या केंद्रांत होते, पण बंद पोतं आणि त्याच्या गळ्यातलं लेबल ही जोडी तशीच टिकून आहे.

लेबलाची ताकद किती, याचं मला माहीत असलेलं सर्वांत विलक्षण उदाहरण टपालखात्याचं नसून परराष्ट्र खात्याचं आहे. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं ‘कांचनगंगा’ हे विमान आल्प्समध्ये माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. डॉ. होमी भाभा त्याच विमानात होते. ऑगस्ट २०१२ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी, तिथल्या हिमनदीच्या बर्फातून एक पिशवी वर आली. तिच्यावर ती भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाची राजनैतिक टपालाची असल्याचं अजून वाचता येत होतं. आत जानेवारी १९६६ची वर्तमानपत्रं होती. गुपितं नव्हती, पण पिशवी कुणाची हे कुणाला विचारावं लागलं नाही.

आता खोका खरोखरच चुकीच्या वाटेला लागतो तेव्हाचं पाहू. टपालातली माणसं अशा वस्तूला ‘मिससेंट’ म्हणतात. आणि इथे सगळा खेळ सहा आकड्यांचा आहे.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो आणण्यामागे मराठी माणूस होता, श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी आणि त्याच वेळी संस्कृतातले कवी आणि नाटककार. मला ही जोडी सुंदर वाटते: देशभरातली एकाच नावाची गावं आणि अनेक लिप्यांतले पत्ते यांचा गोंधळ ज्याला सोडवायचा होता, तो माणूस स्वतः शब्दांत रमणारा होता आणि त्याने उत्तर आकड्यांत शोधलं. आपल्याच राज्यात पिंपळगावं किती आणि वडगावं किती, हे आठवलं तरी त्यांच्यापुढचा पेच कळतो. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. ९ हा आकडा लष्करी टपालासाठी राखलेला आहे. पहिले दोन मिळून राज्य किंवा त्याचा भाग कळतो. ४० ते ४४ हे महाराष्ट्राचे, त्यातच ४०३ हे गोव्याचं. पहिले तीन म्हणजे वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन म्हणजे प्रत्यक्ष बटवडा करणारं पोस्ट.

वर्गवारी करणारा माणूस किंवा यंत्र पत्ता वाचत नाही, पिनकोड वाचतं. त्याच्यापुढे येणाऱ्या ढिगाला एकेक पत्ता वाचायला वेळ नसतो. त्यामुळे पत्त्यात ‘पुणे’ कितीही ठळक लिहिलं असलं तरी खोका जातो आकड्यांमागे. आमच्या मावशीने चिपळूणहून पुण्यात लष्कर भागात राहणाऱ्या नातवाला मेतकूट, भाजणी आणि आमसुलं पाठवली. पिन हवा होता ४११००१. कागदावर उतरला ४४१००१. एका आकड्याचा फरक, पण ४११ म्हणजे पुणे आणि ४४१ म्हणजे नागपूर जिल्ह्याचा भाग, भंडारा, गोंदिया. ४४१००१ ही कामठी. खोका इमानेइतबारे विदर्भात गेला. ‘नागपूर’ हा शब्द नोंदीत दिसला तेव्हा मावशीचा धीर सुटला. पण कामठीत बटवड्याच्या टेबलावर पहिल्यांदाच कुणीतरी पत्त्याच्या सगळ्या ओळी वाचल्या, चूक ओळखली आणि खोका परत वाटेला लागला. भाजणी उशिरा पोहोचली, पण पोहोचली. चूक कुणाच्या हातून झाली तरी ती बहुधा बटवड्याच्या टेबलावरच पकडली जाते, कारण रस्ता आणि घर ओळखणारा पोस्टमन तिथे असतो. म्हणून मिससेंट वस्तूचा उशीर हा सहसा जाण्यायेण्याचा आणि दोन वेळा पोत्यात बसण्याचा असतो.

आकडे चुकण्याची आणखी एक वाट आहे, ती आपण मराठी माणसांनी विशेष लक्षात घ्यावी. राज्याबाहेर जाणाऱ्या पार्सलावर पिन देवनागरीत लिहू नये. आपला ४ घाईत लिहिला की देवनागरी न येणाऱ्याला तो इंग्रजी आठसारखा दिसतो. बंगालीतला चार तर हुबेहूब इंग्रजी आठच. चेन्नईच्या किंवा कोचीच्या केंद्रात बसलेल्या माणसाचा यात काही दोष नाही.

जुना खोका पुन्हा वापरणं तर अगदी घरोघरीचं. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचा भक्कम खोका फेकवत नाही, त्यातच फराळ भरला जातो. त्याच्या बाजूला जुनं लेबल तसंच राहिलं की यंत्र नवा बारकोड वाचेल की जुना, हे नशिबावर. जुनं लेबल खरवडून काढावं, निदान जाड काळ्या पेनाने पूर्ण खोडावं. आणि पावसाळ्यात पत्त्यावर पारदर्शक पट्टी चिकटवायला विसरू नये. शाई पसरली की पिनकोडचा शून्य आणि सहा एकच दिसतात.

खाजगी कुरिअरचं मात्र वेगळं आहे. सांगलीहून कोल्हापूरला निघालेलं पार्सल आधी पुण्याला किंवा भिवंडीला दिसलं तर तो चुकलेला रस्ता असेलच असं नाही. अमेरिकेत फेडरल एक्सप्रेसने १७ एप्रिल १९७३ रोजी काम सुरू केलं तेव्हा पहिल्या रात्री १४ विमानांतून १८६ पार्सलं २५ शहरांसाठी निघाली, आणि सगळी आधी मेम्फिस या एकाच शहरात आणून तिथे वर्गवारी करून पुढे पाठवली गेली. शेजारच्या गावासाठीही हाच फेरा. प्रत्येक गावातून प्रत्येक गावाला गाडी सोडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि एकूण हिशेबात वेगवानही. जगभरच्या कुरिअर कंपन्यांनी ही पद्धत उचलली. त्यामुळे पार्सल उलट्या दिशेला जाताना दिसलं की लगेच घाबरू नये. त्याच केंद्रात ते अडकून राहिलं तर मात्र चौकशी करावी.

चौकशीआधी एक साधी गोष्ट तपासावी, ती म्हणजे क्रमांक बरोबर आहे का. स्पीड पोस्टचा क्रमांक तेरा खुणांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे, आणि शेवटी देशाची दोन अक्षरं, आपली ‘आयएन’. ही मांडणी १८७४ साली बर्नमध्ये स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाची आहे, म्हणून तोच क्रमांक परदेशातल्या टपालखात्यालाही कळतो. नवातला शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून काढलेला असतो. समजा आठ आकडे १२३४५६७८ आहेत. त्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं आणि बेरीज करायची: २०४. तिला ११ ने भागलं की बाकी ६. ११ मधून ६ गेले, उरले ५. म्हणून पूर्ण क्रमांक १२३४५६७८५. (वजाबाकीचं उत्तर १० आलं तर शून्य घेतात, ११ आलं तर ५.) पावतीवरून क्रमांक उतरवताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर हा हिशेब सहसा जमत नाही आणि पडद्यावर ‘नोंद सापडली नाही’ असं येतं. पार्सल हरवल्याच्या कित्येक धास्ती इथेच संपतात.

पार्सल परदेशी जात असेल तर शांततेचा काळ आणखी लांबतो. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये विदेश डाकघर आहे; तिथे सीमाशुल्क विभागाचे लोकही बसतात. परदेशी टपाल अशा कार्यालयातून जातं, विमानात चढतं, आणि पलीकडच्या देशाच्या अशाच कार्यालयात उघडेपर्यंत मध्ये कुणीही ते वाचत नाही. तिथे पोहोचल्यावरही आधी सीमाशुल्काची रांग असते. आतल्या वस्तूंचं वर्णन नुसतं ‘भेटवस्तू’ किंवा ‘खाद्यपदार्थ’ असं मोघम लिहिलेलं असेल तर खोका बाजूला काढला जाण्याची शक्यता वाढते. ‘बेसन लाडू, घरगुती, एक किलो’ असं स्पष्ट लिहिणं केव्हाही बरं.

कधी उशीर कुणाच्याही चुकीचा नसतो, धोरणाचा असतो. २०२५ साली अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या आयातीवरची शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून बंद केली. शुल्क गोळा कसं करायचं याची यंत्रणा तयार नसल्यामुळे विमान कंपन्यांनी अमेरिकेचं टपाल घ्यायला नकार दिला, आणि भारतीय टपालखात्याने २५ ऑगस्टपासून तिकडची पार्सलं घेणं थांबवलं. सुरुवातीला पत्रं, कागदपत्रं आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट होती; काही दिवसांत तीही गेली. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. त्या वर्षी दिवाळी २० ऑक्टोबरच्या सुमारास होती. म्हणजे ज्या आठवड्यांत चकल्या, चिवडा, अनारसे न्यू जर्सीला आणि कॅलिफोर्नियाला निघतात, नेमके तेच आठवडे गेले. आधीच बुक झालेल्या आणि पुढे न जाऊ शकलेल्या पार्सलांचं टपालशुल्क परत मागण्याची सोय खात्याने दिली. फराळाची वेळ मात्र कुणालाच परत देता येत नाही.

माहिती असूनही आपण दर तासाला क्रमांक का टाकत राहतो? डेव्हिड माइस्टर या अभ्यासकाने १९८५ साली रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. किती वेळ लागेल हे ठाऊक असलेली प्रतीक्षा सोसवते, अनिश्चित आणि कारण न सांगितलेली प्रतीक्षा लांबच लांब वाटते, हे त्यातलं निरीक्षण कुठल्याही पोस्टाच्या खिडकीपाशी पटेल. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी स्वयंसेवकांना संगणकावर दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायला लावलं. साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण वेदना देणारा झटका. सर्वांत जास्त ताण झटका नक्की बसणार असताना आला नाही. बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना आला. ट्रॅकिंगच्या सोयीने आपल्याला थोडं कळतं आणि बाकीचं कळत नाही, आणि ही अर्धवट अवस्थाच मनाला जास्त कुरतडते. पूर्वी मनीऑर्डर टाकून माणूस पोचपावती येईपर्यंत शेतावर जात असे. आता शेतावरही फोन बरोबर असतो.

या अर्धवट अवस्थेवर डल्ला मारणारेही आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून चीड आहे. ‘तुमचं पार्सल गोदामात आलं आहे, पत्ता अपुरा आहे, २४ तासांत या लिंकवर दुरुस्त करा’ असे टपालखात्याच्या नावाने येणारे संदेश खोटे असल्याचं सरकारने वेळोवेळी जाहीर केलं आहे. लिंक उघडली की किरकोळ शुल्काच्या नावाखाली कार्डाची माहिती काढून घेतात. दुसरा प्रकार याहून क्रूर: ‘तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले’ असा फोन येतो, मग बनावट पोलीस व्हिडिओवर येऊन ‘डिजिटल अटक’ करतात. अशी अटक भारतीय कायद्यात नाहीच. पत्ता अपुरा असेल तर पोस्टमन खोक्यावर तसा शेरा मारतो. संशय आला तर फोन ठेवून १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावं.

मग खरी चौकशी केव्हा करावी? देशातल्या देशात आठवडाभर एकही नवी नोंद नसेल तर पावती घेऊन जिथे बुक केलं त्याच पोस्टात जावं, नाहीतर १८०० २६६ ६८६८ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ‘घर बंद’ असा शेरा दिसला तर घेणाऱ्याने लगेच आपल्या पोस्टात जावं, कारण वस्तू तिथे साधारण सात दिवसच ठेवतात आणि मग परत पाठवतात. परदेशी पार्सलाची चौकशी टाकल्यापासून सहा महिन्यांच्या आत नोंदवावी लागते. हरवल्याबद्दलची भरपाई स्पीड पोस्टात टपालशुल्काच्या हिशेबाने बेताचीच मिळते, वस्तूच्या किमतीने नाही. म्हणून दागिना किंवा महागडं यंत्र पाठवताना विमा उतरवावा. तो खर्च वायफळ नाही.

आणि पत्ता फाटला, शाई गेली, पाठवणाऱ्याचंही नाव वाचता येईना, तरी वस्तू फेकून देत नाहीत. ती ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’मध्ये जाते. टपाल वाटेत कुणी फोडायचं नसतं. या कार्यालयातले नेमलेले अधिकारी मात्र मालक शोधण्यासाठी ते उघडू शकतात. त्यांना आत काय सापडतं यावर पुढचं सगळं अवलंबून. नुसत्या चकल्या असतील तर ते काहीच करू शकत नाहीत. म्हणून खोका बंद करण्याआधी एका कागदावर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, पिनकोड आणि दोघांचे फोन लिहून तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सर्वांत वर ठेवावा, आणि चिकटपट्टी लावण्यापूर्वी उघड्या खोक्याचा एक फोटो काढून घ्यावा. तक्रारीत ‘आत काय होतं’ हे विचारतातच.